आधी मिश्या बघा

हळद शिजायला लागली की आमच्या वसमत भागातल्या मांजरांच्या मिश्या वळतात. ऐकणाऱ्याला थट्टा वाटते. पण मी नोकरीत असताना दर हंगामात एखादी आजी नाहीतर एखादा शाळकरी पोरगा पिशवीत मांजर कोंबून दवाखान्यात यायचाच. "डाक्टरसाहेब, हिच्या मिश्या बघा कशा गुंडाळल्यात. दृष्ट लागली का काही रोग हाय?" मी पशुवैद्य. शिक्षण परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, नोकरी सगळी याच मुलखात, हिंगोली अजून परभणी जिल्ह्यात होतं तेव्हापासून. सगळा जन्म लाल कंधारी गाई, मराठवाडी म्हशी, बैलांची खांदेसूज आणि कृत्रिम रेतन यांत गेला. मांजर टेबलावर यायचं ते अधूनमधून, बहुतेक वेळा लेकराच्या हट्टापायी.

या वळलेल्या मिश्यांचं कारण शेतातच असतं. हळद काढली की ती शिजवावी लागते. पूर्वी काहिलीत शिजवायचे, आता वाफेवरचे कुकर आले, पण खाली जाळ असतोच. थंडीच्या दिवसांत रात्री जाळ विझला तरी राख गरम राहते आणि आखाड्यावरचं मांजर तिला चिकटून झोपतं. एखादा निखारा जिवंत असला की मिशीच्या टोकाला झळ लागते. केस ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो ते उष्णतेनं आकसतं आणि टोक गुंडाळी घेतं. भिंगाखाली बघितलं तर टोकाला पिवळट-तपकिरी गाठ दिसते. बोटांत धरून चोळली तर ती चुरते, आणि वास थेट जळक्या केसाचा. बुडाजवळचा भाग मात्र सुतासारखा सरळ. आजीला मी एवढंच सांगायचो, "मावशी, हिला चुलीपासून लांब झोपवा. ह्या मिश्या झडतील, नव्या येतील त्या सरळ येतील." तसंच व्हायचं. त्या मांजरीला पुढं पिल्लं झाली तर त्यांच्याही मिश्या सरळच. झळ मिशीला लागली होती, बीजाला नाही.

दुसरी एक वळलेली मिशी असते. ती मुळापासून वळलेली असते, झडली तरी पुन्हा वळलेलीच येते, आणि पिल्लांत उतरते. तिच्याबरोबर अंगावरचे केसही लाटालाटांचे, कुरळे असतात. अशी मांजरं जगात आहेत, त्यांच्या जाती आहेत आणि त्यांना 'रेक्स' म्हणतात. माझ्या पुण्यातल्या भाचीनं मध्यंतरी असंच एक पिल्लू विकत घ्यायचं मनावर घेतलं. फोटो पाठवला, विकणारा सांगतोय ती किंमत पाठवली, आणि खाली, "मामा, घेऊ का?" फोटोत पिल्लू कुरळं दिसत होतं खरं. मी म्हटलं, "आधी मिश्यांचा फोटो पाठव, जवळून." तो आला. मिश्या दाभणासारख्या सरळ, लांब. पिल्लू बहुधा लांब केसांच्या संकराचं, नुकतंच न्हाऊ घातलेलं किंवा केस जटाळलेलं. भाचीचे पैसे वाचले.

मिश्यांवर एवढा भरवसा का, ते सांगतो. अंगावरचे केस भिजतात, मळतात, गुंततात, नायट्यानं झडतात, आणि यातल्या कशानंही ते वेडेवाकडे दिसू शकतात. मिशी ही केसाचीच जात, पण जाड, ताठ आणि खोल रुजलेली. तिच्या मुळाभोवती रक्तानं भरलेली पिशवी असते आणि त्या पिशवीत मज्जातंतूंची टोकं दाटीवाटीनं बसलेली असतात. मिशीची काडी स्वतः निर्जीव. तिला वाऱ्याचा, भिंतीचा, उंदराचा धक्का लागला की तो मुळापर्यंत जातो आणि तिथं मांजराला कळतं. साधारण बारा मिश्या एका गालावर, चार ओळींत. शिवाय भुवयांवर थोड्या आणि पुढच्या पायांच्या मागच्या बाजूलाही. मांजराला अगदी नाकासमोरचं नीट दिसत नाही, म्हणून तोंडात धरलेल्या उंदराचा अंदाज ते मिश्या पुढं वळवून घेतं. अशी कामाची वस्तू धूळ-पाण्यानं मुळापासून वाकत नाही. केस घडवण्याच्या मूळ कृतीतच फरक पडला असेल तर मात्र ती सुटत नाही, कारण अंगावरचा केस आणि मिशी यांची घडण एकाच तऱ्हेनं होते. म्हणून कुरळेपणा खरा की वरवरचा, याची साक्ष मिशी देते.

आता या खऱ्या कुरळेपणाची हकिगत. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल म्हणून परगणा आहे. तिथल्या बॉडमिन मूर या माळरानावरच्या एका शेतघरात २१ जुलै १९५० रोजी सेरेना नावाची मांजरी व्यायली. पाच पिल्लं. चार नेहमीसारखी, एक कुरळं. मालकीणबाई नीना एनिसमोर. त्यांनी पूर्वी ससे पाळले होते, त्यामुळं कुरळे, मखमली केस ही काय चीज आहे हे त्यांच्या लक्षात आलं. सशांत तशा केसांच्या जातीला रेक्स म्हणत, तेच नाव मांजरालाही लागलं. त्या बोक्याचं नाव ठेवलं कॅलिबंकर.

एनिसमोरबाईंनी जाणकाराला विचारलं. सल्ला मिळाला तो आपल्याकडच्या माणसाला ऐकवणार नाही असा: हा बोका मोठा झाला की त्याच्या आईवरच सोडा. तसं केलं आणि पुढच्या वेतात पुन्हा कुरळी पिल्लं आली. कॉर्निश रेक्स ही सगळी जात या एका बोक्यापासून निघाली.

आईवरच का? रेतनाचं काम करणाऱ्याला हे चटकन कळतं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. कॉर्निश रेक्सच्या कुरळेपणाचं जनुक सुप्त आहे. म्हणजे एक प्रत बिघडलेली आणि एक धड असेल तर धड प्रत काम भागवते, केस सरळ येतात आणि बिघाड आत दडून राहतो. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच केस वळतात. कॅलिबंकर कुरळा होता, म्हणजे त्याच्याकडं दोन्ही प्रती बिघडलेल्या. त्यातली एक सेरेनाकडून आलेली असणारच, जरी सेरेना स्वतः सरळ केसांची होती. मग माय-लेकाच्या पिल्लांचा हिशेब सरळ आहे. लेकाकडून बिघडलेलीच प्रत येणार, आईकडून निम्म्या वेळा धड, निम्म्या वेळा बिघडलेली. म्हणजे साधारण निम्मी पिल्लं कुरळी. गावातली कुठलीही दुसरी मांजरी आणली असती तर सगळी पिल्लं सरळ निघाली असती आणि कुरळेपणा पुन्हा पोटात गडप झाला असता.

असं मांजर हिंगोली जिल्ह्यात सहसा दिसत नाही त्याचंही कारण याच हिशेबात आहे. समजा आपल्याकडच्या मांजरांत असा एखादा सुप्त बिघाड आहे आणि जनुकाच्या दर शंभर प्रतींत एक प्रत तशी आहे. मग दर पन्नास मांजरांत साधारण एक मांजर तो बिघाड गुपचूप वागवत असेल. पण तशा दोघांची गाठ पडून, दोघांकडूनही बिघडलेलीच प्रत आलेलं पिल्लू निघणार ते दहा हजारांत एखादंच. ते कुठं जन्मेल? कडब्याच्या गंजीखाली, जिनिंगच्या पडवीत, आडतीतल्या पोत्यांच्या थप्पीमागं. निम्मी पिल्लं तर डोळे उघडायच्या आत कुत्र्या-बोक्यांच्या तोंडी जातात. उरलेल्यात एखादं कुरळं निघालं तरी त्याला खरूज झाली असं समजून लोक हाकलून देतील.

नात्यात जुगलं की हा आकडा झपकन वाढतो. आता माणसांकडं वळतो, कारण आमच्या मराठवाड्यात ही गोष्ट घरातलीच आहे. मामाच्या मुलीशी लग्न ही आपल्याकडची मान्य चाल. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात ती नीट नोंदवून ठेवली आहे. आतेभाऊ आणि मामेबहीण यांचे एक आजी-आजोबा सामाईक, त्यामुळं दोघांकडं एकाच पूर्वजाकडून आलेली बिघडलेली प्रत असण्याची शक्यता जास्त. वरचाच आकडा घेतला, शंभरात एक प्रत, तर अशा जोडप्याच्या अपत्यात तो बिघाड उघडा पडण्याची शक्यता दहा हजारांत एकवरून जवळपास सातवर जाते. प्रत दुर्मीळ असेल तितका हा फरक मोठा होतो. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाच्या तपासणीला येणारे डॉक्टर लग्नाआधी दोघांचंही रक्त तपासून घ्या म्हणतात ते याच कारणानं. गाईंच्या बाबतीत शेतकरी हे मला न सांगता पाळतो. गावातला वळू चार-पाच वर्षांनी बदलतो, त्याच्याच कालवडींवर त्याला ठेवत नाही. मांजरांचा वळू मात्र कोणी बदलत नाही. एका गल्लीवर एका दांडग्या बोक्याचं राज्य असतं आणि लेकी-नाती त्याच्या वाट्याला येतात.

अशीच गोष्ट कॉर्नवॉलच्या शेजारच्या डेव्हन परगण्यात घडली. बकफास्टली नावाच्या गावाजवळ कथलाच्या एका बंद पडलेल्या खाणीत एक रानटी कुरळा बोका राहत होता. तिथल्या बेरिल कॉक्स या बाईंनी एका भटक्या तिरंगी मांजरीला आसरा दिला होता. १९६० च्या सुमारास तिला पिल्लं झाली, त्यात एक कुरळं निघालं. त्याचं नाव किर्ली. मघाचाच नियम लावून बघा. पिल्लू कुरळं, बाप बहुधा तो खाणीतला कुरळा बोकाच, बिघाड सुप्त, म्हणजे सरळ केसांच्या आईकडंही एक बिघडलेली प्रत होती. ती कुठून आली असेल? फार लांब जायला नको. ती मांजरी त्याच बोक्याच्या गोतावळ्यातली, कदाचित त्याचीच लेक असणार.

डेव्हन आणि कॉर्नवॉल एकमेकांना लागून, दोन्हीकडं कुरळी मांजरं, मध्ये दहा वर्षांचं अंतर. कोणीही म्हणेल की एकच रक्त पसरलं. ब्रायन स्टर्लिंग-वेब या ब्रिटिश प्रजनकालाही तसंच वाटलं. त्यांनी किर्लीला विकत घेतलं आणि कॅलिबंकरच्या वंशातल्या कुरळ्या मांजरींवर सोडलं. कुरळा बाप, कुरळी आई, आणि पिल्लं? झाडून सगळी सरळ केसांची.

प्रजननशास्त्र शिकवणाऱ्यानं हा एक दाखला दिला तरी वर्गाला पुष्कळ कळेल. कॉर्निश मांजरीचं जे जनुक बिघडलं होतं ते किर्लीचं धड होतं, आणि किर्लीचं जे बिघडलं होतं ते मांजरीचं धड होतं. पिल्लाला दोन्ही जनुकांची एकेक धड प्रत मिळाली. सुप्त बिघाडाला एक धड प्रत पुरते, म्हणून पिल्लं सरळ. बाहेरून दोन मांजरं एकसारखी दिसत होती, आत दोन वेगळ्या जागी दोन वेगळे बिघाड होते. सूक्ष्मदर्शक नाही, रक्ततपासणी नाही, नुसती जोडी लावून आणि पिल्लं बघून हे कळलं. तेव्हापासून कॉर्निश रेक्स आणि डेव्हन रेक्स या दोन स्वतंत्र जाती मानतात. याच्या उलट उदाहरण बर्लिनचं. तिथं एका रुग्णालयाच्या बागेत वावरणारी लेमशेन नावाची कुरळी मांजरी डॉ. रोझ शॉयर-कार्पिन यांच्या नजरेला १९५१ मध्ये पडली. इंग्लंडपासून इतकी लांब, तरी तिच्या वंशातली मांजरं कॉर्निशशी जुळवली की पिल्लं कुरळी. म्हणजे बिघाड एकाच जनुकात.

हे बिघाड नेमके कुठले ते कळायला डीएनए वाचण्याचं तंत्र यावं लागलं. २०१० मध्ये डेव्हन रेक्सचा उलगडा झाला, २०१३ मध्ये कॉर्निशचा. या कामात बार्बरा गँडोल्फी आणि लेस्ली लायन्स ही दोन नावं सतत येतात. कॉर्निश रेक्समध्ये एलपीएआर६ नावाच्या जनुकातून डीएनएची चार अक्षरं गळालेली सापडली. पेशी ही अक्षरं तीन-तीनच्या गटानं वाचते. तीन गळाली असती तर एक गट कमी होऊन पुढचं वाचन जागेवर राहिलं असतं. चार गळाल्यामुळं तिथून पुढचा प्रत्येक गट चुकतो आणि प्रथिन अर्धवट राहतं. जर्मन रेक्समध्ये तपासलं तर तीच चार अक्षरं गायब. पूर्वी नुसत्या जोड्या लावून काढलेलं अनुमान अक्षरन्‌अक्षर खरं ठरलं. डेव्हन रेक्समध्ये मात्र केआरटी७१ नावाचं दुसरंच जनुक बिघडलेलं निघालं.

ही दोन जनुकं करतात काय? केसाच्या मुळाशी नवा केस तयार होताना तो मऊ असतो आणि त्याच्याभोवती पेशींचं एक कडक वेष्टण असतं. केस त्या वेष्टणातून वर सरकत घट्ट होतो आणि त्याचा आकार ठरतो. शेव पाडताना पीठ कितीही चांगलं मळलं तरी सोऱ्यातली चकती खराब असली की शेव धड पडत नाही, तसं हे वेष्टण म्हणजे केसाची चकती. केआरटी७१ हे या वेष्टणातलंच केराटिन बनवतं. ते कमजोर पडलं की केसाला आधार राहत नाही, तो वळतो, कुठं बारीक होतो, तुटतो. म्हणून डेव्हन रेक्सच्या मिश्या आखूड, ठिसूळ, पुष्कळदा तुटून खुंट राहिलेल्या असतात. एलपीएआर६ मात्र वेष्टणाचा माल पुरवत नाही. त्यावरून बनणारं प्रथिन वेष्टणातल्या पेशींवर बसून एक रासायनिक निरोप घेतं, केस कसा वाढवायचा याचा. निरोप घेणाराच नसेल तर केस आखूड, मऊ, लाटालाटांचे येतात आणि मिश्याही वळतात, पण डेव्हनइतक्या मोडत नाहीत. मिश्या जवळून बघण्याची सवय असलेल्याला नुसत्या नजरेनं दोन्ही जातींतला फरक सांगता येतो तो यामुळं.

आणखी एक कडी आहे. तो निरोप, म्हणजे एलपीए नावाचा स्निग्ध पदार्थ, तयार करायला एक विकर लागतं. ते एलआयपीएच या जनुकावरून बनतं. निरोप तयारच झाला नाही तर घेणारा धड असून उपयोग काय? रशियातल्या उरल रेक्स या कुरळ्या मांजरात हेच जनुक बिघडलेलं असल्याचं २०२० मध्ये कळलं. त्याआधी, २०११ मध्ये, रेक्स सशांतही याच जनुकाचा बिघाड सापडला होता. ज्या सशांवरून कॅलिबंकरच्या जातीला नाव मिळालं त्यांचा बिघाड निरोप बनवणाऱ्या जनुकात, आणि कॅलिबंकरचा तोच निरोप घेणाऱ्या जनुकात. नाव केवळ दिसण्यावरून दिलं होतं, तरी दोघं एकाच साखळीतले निघाले.

याच साखळीतली माणसंही आहेत. रशियाच्या व्होल्गा-उरल भागातल्या मारी आणि चुवाश लोकांत जन्मतः विरळ, लोकरीसारखे केस असणारी काही कुटुंबं आहेत. त्यांच्यात एलआयपीएचचा बिघाड असल्याचं २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. २००८ मध्ये पाकिस्तानातल्या काही कुटुंबांत अशाच केसांच्या मुळाशी एलपीएआर६ असल्याचं कळलं. ही कुटुंबं नात्यात लग्नं करणारी, म्हणून सुप्त बिघाड वर आला होता. मांजराचा बिघाड शोधणाऱ्यांना २०१३ मध्ये कुठल्या जनुकाकडं बघायचं याचा माग माणसांच्या या अभ्यासातूनही मिळाला. माझ्या वर्गात 'तुलनात्मक वैद्यक' हा कंटाळवाणा तास असायचा. तेव्हा असा दाखला कोणी दिला असता तर मागच्या बाकावरची पोरं जागी राहिली असती.

सगळाच कुरळेपणा सुप्त नसतो. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात १९८७ मध्ये एका आसरागृहात कुरळ्या केसांची, वळलेल्या मिश्यांची मांजरी जन्मली. जेरी न्यूमन या पर्शियन मांजरांच्या प्रजनक बाईंनी तिला नेलं आणि आपल्याकडच्या सरळ केसांच्या काळ्या पर्शियन बोक्याशी जुळवलं. सहा पिल्लं, त्यातली तीन कुरळी. बाप पूर्ण परका असून निम्मी पिल्लं कुरळी, म्हणजे इथं एकच बिघडलेली प्रत पुरते, हा कुरळेपणा प्रभावी. सेलकर्क रेक्स ही जात तिच्यापासून निघाली. गंमत म्हणजे तिचंही जनुक केआरटी७१, डेव्हनचंच, पण त्यातला बदल वेगळ्या जागी. आणि स्फिंक्स या केशहीन जातीतही हेच जनुक. एकाच जनुकाच्या चार तऱ्हा झाल्या: सेलकर्कची सगळ्यांवर हुकूम चालवणारी, तिच्याखाली नेहमीची सरळ, तिच्याखाली स्फिंक्सची केस न टिकू देणारी आणि तळाला डेव्हनची. म्हणून स्फिंक्स आणि डेव्हन यांचं पिल्लू केशहीन होतं, आणि सेलकर्क मांजर कोणाशीही जुळवलं तरी पिल्लू कुरळं निघू शकतं.

प्रभावी आणि सुप्त यांतला हा फरक किती कामाचा आहे ते बघायला मोंटानाला जायची गरज नाही. फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, बी. व्ही. निंबकरांनी १९६८ मध्ये काढलेली. तिथं डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालच्या सुंदरबनातल्या गारोळ जातीच्या चिमुकल्या मेंढ्यांतलं एक जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणलं. दख्खनी मेंढी एका वेळी बहुधा एकच कोकरू देते. या फेकबी जनुकाची एक प्रत आली तरी जुळी होण्याचं प्रमाण वाढतं. एक प्रत पुरते म्हणून गुण दाखवायला जवळच्या नात्यात जुगवायची गरज पडली नाही. संकर करायचा, पिल्लांत जनुक आहे का ते बघायचं, असलेली मेंढी पुन्हा दख्खनी नराशी जुळवायची, असं करत अंगानं दख्खनी राहिलेली पण जुळी देणारी मेंढी तयार होते. तिचं नाव नारी सुवर्णा. २००१ मध्ये या जनुकातला नेमका बदल कळला आणि पुढं रक्त तपासूनच निवड करता यायला लागली. धनगराला अंगण भरलेलं दिसतं, मेंढीला तिचं काटक अंग राहतं.

कुरळ्या मांजरांची वाट नेमकी उलटी गेली. गुण सुप्त, मूळ पूर्वज एक-दोन, त्यामुळं सुरुवात माय-लेक, बाप-लेक, भाऊ-बहीण यांच्या जोड्यांनी. अशा वेळी कुरळेपणाबरोबर पूर्वजाच्या पोटातले बाकीचे सुप्त बिघाडही वर येतात, कारण त्यांनाही तोच हिशेब लागू. डेव्हन रेक्स आणि स्फिंक्स जातींत पिल्लांचे स्नायू दुबळे पडून मान टाकायला लावणारा एक आनुवंशिक आजार आहे. तो कॉलक्यू नावाच्या जनुकामुळं होतो हे २०१५ मध्ये कळलं. त्या जनुकाचा केसांशी काही संबंध नाही. लोकांनी निवडले केस, आणि तो मागच्या दारानं आत आला. जबाबदार प्रजनक आता जोडी लावण्याआधी दोघांचीही तपासणी करतात आणि अधूनमधून बाहेरचं रक्त आणतात. मिश्यांच्या बाबतीत तर न्यायालयापर्यंत गोष्ट गेली. बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयानं २०१५ मध्ये एका मिश्या नसलेल्या केशहीन बोक्याची नसबंदी करण्याचा सरकारी आदेश उचलून धरला. मिश्या हे मांजराचं ज्ञानेंद्रिय आहे, ते नसलेली पिल्लं मुद्दाम जन्माला घालणं हा प्राण्यावर अन्याय, असा त्याचा अर्थ.

वळलेल्या मिश्यांचं मांजर घरात बरं जगतं हेही सांगायला हवं. ते पडवीतून स्वयंपाकघरात येतं-जातं, खातं, खेळतं. अडचण येते ती उघड्यावर. आमच्या आखाड्यावर अंधारात कडब्याच्या पेंढ्यांतून उंदीर काढणाऱ्या मांजरीला लांब, सरळ, ताठ मिश्या लागतात. मे महिन्यातलं ऊन आणि डिसेंबरातली पहाट सोसायला अंगावर पुरेशी लव लागते. आपल्या देशी मांजरांची केसांची जनुकं या कामासाठी वर्षानुवर्षं पारखून निघालेली आहेत. जाहिरातीतलं कुरळं पिल्लू बघून आपल्या मांजरीवर असला बोका आणून सोडावा असं कोणाला वाटत असेल तर मी नको म्हणेन. बोका कॉर्निश किंवा डेव्हन असेल तर पहिल्या वेतात काही दिसणारही नाही. सगळी पिल्लं सरळ निघतील, बिघाड वस्तीत पसरेल आणि काही पिढ्यांनी भलत्याच ओसरीवर उघडा पडेल.

पण आपल्याच गावात, कोणी काही न करता, एखादं कुरळं पिल्लू जन्मू शकतं. कॉर्नवॉलला जन्मलं, बर्लिनला जन्मलं, तर कुरुंद्याला किंवा कळमनुरीला का नाही? तसं झालं तर चार गोष्टी करा. मिश्यांचा जवळून फोटो काढा, बुडापासून टोकापर्यंत. त्या वेतात एकूण पिल्लं किती, त्यांतली कुरळी किती, नर किती, मादी किती, हे वहीत लिहा, कारण हिशेब त्यावरून बसतो. खरूज-नायटा नाही हे जवळच्या दवाखान्यातून पक्कं करून घ्या. आणि पिल्लाचं कौतुक करत बसाल तेव्हा त्याची सरळ केसांची, कोणाच्या खिजगणतीत नसलेली आई कुठं गेली ते बघा. बिघाड सुप्त असेल तर अर्धी कहाणी तिच्यापाशी आहे, आणि गल्लीतल्या पुढच्या वेतांत तो पसरवणारीही तीच. पिल्लू मागाहून आणलंत तरी चालेल. दवाखान्यात आधी तिला आणा.